हिरवी, लाल की पांढरी

साठी ओलांडलेल्या माणसानं गाडी बदलायची म्हटलं की घरचे सुखावतात. आता हा काहीतरी शहाण्यासारखी घेईल, चार दरवाजे असतील, एसी असेल, असं त्यांना वाटतं. माझी बायकोही अशीच सुखावली होती. मग बदलून येणारी गाडीसुद्धा जुनी इंग्रजी स्पोर्ट्स कारच आहे हे तिला कळलं आणि तिनं निवडत असलेली कोथिंबीर तशीच ताटलीत टाकली. "एकीनं छळलं ते कमी पडलं का?" म्हणाली आणि आत निघून गेली.

ही एक म्हणजे माझी हिरवी. साठच्या दशकात इंग्लंडात बनलेली, दोनच माणसांची, उघडी. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही. या गाड्यांचे भक्त फार कडवे असतात आणि मला या वयात कुणाशी वाद घालायची हौस नाही. मी वाळूजच्या एका कारखान्यात डिझाइनचं काम करायचो. दिवसभर नव्या गाड्यांचे सुटे भाग संगणकावर काढायचे आणि सुट्टीच्या दिवशी जुन्या गाडीचे सुटे भाग अंगणात मांडून बसायचं, असं माझं आयुष्य गेलं. हिरवीत बसलं की बूड रस्त्यापासून वीतभर वर असतं. तिचा कापडी टप चढवणं म्हणजे लग्नाचा मांडव घालण्याएवढा उद्योग. तिचे नटबोल्ट इंचांच्या मापाचे आणि गावातले सगळे पाने मिलिमीटरचे. एप्रिल-मे महिन्यात इंजिनाशेजारच्या नळीतच पेट्रोल उकळायचं, त्या नळीला ओलं फडकं गुंडाळल्याशिवाय ती पडेगावच्या पुढं जात नसे. तरीही ती मला आवडायची, आणि हे मी कुणाला पटवून देऊ शकलो नाही.

पटलं ते एकाच माणसाला, कारण तोही तसलाच. कॉलेजात आम्ही एका बाकावर बसायचो. त्यानं पुढं वडिलांचं सिटी चौकातलं हार्डवेअरचं दुकान सांभाळलं, म्हणून मी त्याला शेठ म्हणतो. तो मला इंजिनीअर म्हणतो, आणि त्यात मान नसतो. त्याच्याकडं लाल होती. तीही इंग्रजीच, उघडी, दोघांची, पण माझ्या हिरवीपेक्षा देखणी. हे मी त्याच्यासमोर कधी कबूल केलं नाही.

दर रविवारी सकाळी दोन्ही गाड्या निघायच्या. दौलताबाद, मग घाट, खुलताबाद, आणि वेरूळला लेण्यांच्या अलीकडच्या टपरीवर चहा आणि भजी. मी पुढं, तो मागं. दोन गाड्या, दोन माणसं, आणि दोन्ही गाड्यांतली डावी सीट रिकामी. कारण असं, की पहिल्याच रविवारी त्यानं माझ्या टपाला गोणपाट म्हटलं. मी त्याच्या सायलेन्सरचा आवाज दमेकऱ्यासारखा आहे म्हणालो. त्यावर तो भर रस्त्यात म्हणाला, "तेरी गाडी में मैं कभी नहीं बैठूंगा. जबान दिली." मीही तेच म्हणालो. दोघंही इरेला पेटणारे, त्यामुळं ते तसंच राहिलं. एकाची गाडी बंद पडली तर दुसऱ्यानं दोरी बांधून ओढायची, आणि बंद पडलेल्यानं आपल्याच गाडीत, आपल्याच स्टिअरिंगमागं, काहीच झालं नाही असा चेहरा करून बसायचं. शेठला मी असा दोरीनं ओढत खुलताबादपासून घरापर्यंत आणलाय. वाटेतले लोक हात करायचे आणि तो वरातीतल्या नवरदेवासारखा मान हलवायचा.

मग त्याची कंबर गेली. मणक्याचं ऑपरेशन झालं, आत पट्टी आणि स्क्रू बसले. डॉक्टरांनी साफ सांगितलं की खाली वाकून बसायच्या गाड्या आणि जड क्लच आता विसरा. मी दवाखान्यात भेटायला गेलो तर मला म्हणाला, "डॉक्टरला विचारलं मी, स्क्रू इंचातले हायत का मिलिमीटरचे? तो हसलाच नाय बघ." आम्ही दोघं इतके हसलो की नर्सनं मला बाहेर काढलं.

घरी आल्यावर मात्र त्यानं लालवर खाकी ताडपत्री टाकली आणि तिचं नाव घेणं बंद केलं. रविवारी दुकान बंद असतं, तरी शटर अर्धं वर करून आत बसून राहायला लागला. त्याची बायको माझ्या बायकोजवळ म्हणाली की घरात दिवसाकाठी चार शब्दसुद्धा बोलत नाही, जेवतानाही मान खाली. शेठ आणि मान खाली, हे माझ्या डोक्यात बसेना. मी एक-दोन रविवार एकटा गेलो. आरशात बघावं तर मागं एखादा ट्रक नाहीतर दुधाची गाडी. शेवटी घाटाच्या पायथ्यापासूनच परत फिरलो. आमच्या रोजच्या वापरातल्या गाडीतून जाऊ म्हणालो, तर म्हणाला, "डब्यात बसून वेरूळला पाहुणे जातात. मला नक्को."

अशात एक दिवस त्यानंच विषय काढला. "इंजिनीअर, लाल तू घेऊन टाक. मुंबईचा दलाल रोज फोन करतोय. त्याला द्यायची नाय मला. तुझ्याकडं राहिली तर येता जाता दिसल तरी."

खोटं कशाला बोलू, मला रात्रभर झोप लागली नाही. लालवर माझा डोळा पहिल्यापासून होता. तिचं नाक, तारांची चाकं, लाकडी डॅशबोर्ड, घाटात वळण घेताना होणारा तो आवाज. हिरवीचा तळ गंजून दोनदा वेल्डिंग झालं होतं, बदल करायला हवाच होता. पण त्याच आठवड्यात मला जालन्याच्या एका बियाणांच्या व्यापाऱ्याकडच्या पांढऱ्या गाडीची खबर लागली. तीही इंग्रजी, त्याच काळातली, पण पक्क्या टपाची, लांब दरवाज्यांची, मागं नावापुरती बारकी सीट. अशा गाडीत सीट उंच असते. खुर्चीत बसावं तसं बसता येतं. हे मला ठाऊक होतं, आणि मी ते कुणाला बोललो नाही.

"जालन्याची बघून येऊ, मग लालचं ठरवू," मी म्हणालो. "तू चल. तुझ्याशिवाय मला कोण फसवाफसवी दाखवणार?"

त्याला हे आवडलं. आमच्या रोजच्या डब्यात, कमरेमागं उशी घेऊन, तो निघाला. खिशात दुकानातलं लोहचुंबक रुमालात गुंडाळून घेतलं होतं. पत्र्यावर फिरवायचं. जिथं चिकटत नाही तिथं पत्र्याऐवजी लांबीची पुट्टी भरलेली, म्हणजे खाली गंज. करमाड येईपर्यंत त्यानं न बघितलेल्या गाडीला इतकी नावं ठेवली, की मला तिची बाजू घ्यावी लागली.

प्रत्यक्ष बघितल्यावर तर काही विचारूच नका. "ये स्पोर्ट्स कार है? हा तर फ्रीज आहे," तो व्यापाऱ्यासमोरच म्हणाला. मग चुंबक फिरवून आला आणि जरा नाराजीनंच सांगितलं की पत्रा खणखणीत आहे.

"चालवून बघतो," मी म्हणालो. "तू डाव्या बाजूला बस आणि मागच्या एक्सलचा आवाज ऐक. मला ऐकू येत नाही हल्ली."

तो थबकला. "गाडी अजून तुझी नाय ना?"

"नाही."

"मग बसतो."

दरवाजा लांबलचक उघडला. तो आधी आडवा टेकला, मग एकेक पाय उचलून आत घेतला, आणि बसला. चेहऱ्यावर एक आठी नाही. मी स्टिअरिंगला हात लावला होता पण बघत होतो त्याच्याकडं. हायवेवर जाऊन परत आलो. मी व्यापाऱ्याशी बोलत उभा राहिलो आणि तो आतच बसून राहिला, एकेक बटण दाबून बघत, काच वरखाली करत. त्याला उतरायची घाई नव्हती. मला एवढा आनंद झाला की व्यापारी काय बोलतोय ते कळेना.

येताना करमाडला चहाला थांबलो. शेठनंच चहा सांगितला. कप हातात आल्यावर म्हणाला, "लाल घे. पांढरी म्हाताऱ्यांची आहे."

"आपण कोण आहोत?"

"तू गाडीकडं बघत नव्हतास. माझ्याकडं बघत होतास, मला काय कळत नाय व्हय?" आता त्याचा आवाज चढला. टपरीवरचे लोक वळून बघायला लागले. "माझ्या कमरेच्या मापानं गाडी शिवतोस का रे? दया नको मला कुणाची."

माझंही डोकं फिरलं. मी म्हणालो, "दया कसली? मला एकट्याला करमत नाही. तुझी कंबर गेली आणि रविवार माझा गेला, त्याचं काय? लाल घेऊन मी एकटाच घाट चढू आणि तू ताडपत्रीची घडी घालत बसशील? मला तू पाहिजेस, लाल नको."

एवढं सरळ मी त्याच्याशी कधीच बोललो नव्हतो. आम्ही गाड्यांवरूनच बोलायचो. त्यानं उरलेला चहा एका घोटात संपवला. मग म्हणाला, "आणि हिरवी?"

"व्यापाऱ्याला हवीय. अदलाबदल करू म्हणतोय. लेकाची वरात उघड्या गाडीतून काढायची आहे त्याला."

"हिरवीतून वरात? अरे, नवरीलाच उतरून धक्का मारावा लागेल." तो हसला. मग हसू आवरून म्हणाला, "पण एक सांगतो. गाडी तुझी झाली की मी बसणार नाय. जबान म्हणजे जबान."

पांढरी घरी आली. हिरवी जालन्याला गेली त्या दिवशी मी गेटाशी उभा राहून लहान पोरासारखा रडलो, आणि बायकोनं ते बघून न बघितल्यासारखं केलं. पांढरीला हळदकुंकू झालं, चाकाखाली लिंबू झालं, नारळ फुटला. शेठ आला होता. नारळ बंपरवर नको, फरशीवर फोडा, क्रोमला ओरखडा जाईल, असं ओरडत होता. पेढा खाल्ला, गाडीला हात लावला नाही. दोन रविवार मी फोन केला आणि दोन्ही वेळा त्याला काही ना काही काम निघालं. पांढरी अंगणात उभी, मी ओट्यावर बसलेला. हिरवी गेली, लाल घेतली नाही, आणि माणूसही आला नाही, या हिशेबानं मी घरात सगळ्यांवर खेकसत होतो.

तिसऱ्या रविवारी सकाळी बायको पर्स घेऊन बाहेर आली आणि पांढरीचा डावा दरवाजा उघडून आत बसली. माझ्या असल्या जुन्या गाडीत ती आपणहून कधी बसली नव्हती. "चला, भाऊजींकडं," म्हणाली.

त्याच्या दारात तिनंच हॉर्न दाबला. शेठ लुंगीवर बाहेर आला. ती खाली उतरली आणि दरवाजा उघडाच धरून म्हणाली, "बसा, भाऊजी."

"वहिनी, मैंने जबान दी है. इंजिनीअरच्या गाडीत मी..."

"यांची कुठली गाडी? घर माझं, अंगण माझं, अंगणात उभं असतं ते सगळं माझं. ही माझी गाडी आहे. यांना ड्रायव्हर म्हणून ठेवलंय. बसता की नाही?"

शेठनं एकदा तिच्याकडं बघितलं, एकदा माझ्याकडं. त्याचा चेहरा हळूहळू पसरत गेला. "वहिनींची गाडी असल तर मग नाही कसं म्हणायचं," म्हणाला आणि पँट चढवायला आत पळाला. त्या कमरेनं जेवढं पळता येईल तेवढं. बायको त्याच्या बायकोजवळ चहाला थांबली.

पडेगावपर्यंत त्यानं माझा जीव खाल्ला. गिअर उशिरा टाकतोस, क्लचवर पाय ठेवून बसतोस, आरशात बघतोस कशाला, मागं आता कोण आहे? दौलताबादचा किल्ला मागं पडला, घाट लागला, आणि त्याचं बोलणं थांबलं. दुखतंय की काय म्हणून मी घाबरून बघितलं. तो काच खाली करून, हात बाहेर टाकून बसला होता आणि गुणगुणत होता. पहिल्या वळणावर गुणगुणणं मोठं झालं. दुसऱ्या वळणावर त्यानं एकदम वरची तान घेतली. मोकळा, भरलेला, खणखणीत आवाज. कॉलेजात माझ्याच बाकावर बसलेल्या या माणसाला मी कधी गाताना ऐकलं नव्हतं.

"हे कधीपासून?" मी विचारलं.

"क्या कब से? घाटात मी नेहमीच गातो. दर रविवारी." त्याला प्रश्नच कळला नाही. "लालमध्ये दुसरं काय करायचं? एकटाच असायचो की."

म्हणजे इतकी वर्षं हा माझ्या मागं, हाकेच्या अंतरावर गात होता, आणि मी पुढं माझ्या इंजिनाचा आवाज ऐकत होतो. मी गिअर खाली टाकला आणि घाट जितका सावकाश चढता येईल तितका चढलो.