गेटाबाहेरचा झेंडा

आज पंधरा ऑगस्ट. ऑफिसच्या झेंड्यात बांधायला झेंडूच्या पाकळ्या हातात घेतल्या आणि त्या वासाने बाबांच्या परळच्या गिरणीचं बंद गेट आठवलं.

गिरणीला टाळं लागलं त्या वर्षी कामगारांनी बाहेरच बांबू रोवून, झेंडूच्या पाकळ्या घालून झेंडा बांधला. दोरी बाबांच्या हातात दिली, तर ते नुसतेच उभे.

"कोणाची वाट बघतोस रे?" शेजारच्या कांबळेकाकांनी विचारलं.

"साहेब येऊ दे ना."

इतकी वर्षं साहेबच दोरी ओढायचे. सगळे हसले. बाबांनी ओशाळून दोरी ओढली. शाळकरी मला त्यांची लाज वाटली होती.

त्याच गिरणीच्या जागेवर आता आमचं ऑफिस आहे.

"मॅडम, फडकवता ना?" वॉचमनने दोरी माझ्या हातात दिली.

"थांबा," मी म्हणाले, "सर येऊ देत."