मंजूर झालेल्या पुलापर्यंत

गेल्या उन्हाळ्यात लोकसभेच्या प्रचारात मी पेठ तालुक्यातल्या एका पाड्यावर सांगितलं, की तुमच्या ओढ्यावर पक्का पूल मंजूर झाला आहे. पूल मंजूर नव्हता. प्रस्ताव नव्हता. कुणी साधा अर्जही पुढे पाठवलेला नव्हता. पाड्याने मतदानावर बहिष्कार टाकला होता, तो उठावा म्हणून मी तो पूल तिथल्या तिथे तोंडाने बांधला. हे आजवर कुणाला बोललो नाही. घरीही नाही. यंदा पुन्हा त्याच पाड्यावर जाऊन आलो. त्या प्रवासाबद्दल लिहायचं तर हे आधी सांगायला हवं.

पंचवटीत माझं झेरॉक्सचं दुकान आहे. त्याखेरीज मी कार्यकर्ता आहे, बिनपगारी. ज्यांच्यासाठी राबतो त्यांना सगळे भाऊ म्हणतात. लोकसभेला भाऊ एका पक्षात होते, विधानसभेच्या आधी दुसऱ्या पक्षात गेले. आम्ही रात्री एका रंगाचं उपरणं घडी करून ठेवलं आणि सकाळी दुसऱ्या रंगाचं घातलं. आदल्या आठवड्यात ज्यांना देश विकायला निघालेले म्हणत होतो, ते आता देश वाचवणारे झाले. मी दोन्ही पत्रकं माझ्याच मशीनवर काढली.

आता जिल्हा परिषदेची निवडणूक कधीही लागेल असं बोललं जात होतं. भाऊंचा फोन आला. "तात्या, पेठच्या बाजूला एक चक्कर मारून ये. तो बहिष्कारवाला पाडा आपलाच आहे ना अजून, बघ."

सकाळी पेठ फाट्यावरून जीप निघाली. गाडी संदीपची. तो तिशीचा, भाऊंचाच माणूस, आणि गाडी चालवताना मोबाईलवर भाषणं ऐकायची त्याला सवय. शहर मागे पडलं तसं दोन्ही बाजूंना द्राक्षबागा लागल्या. वैशाखाच्या उन्हात छाटणी होऊन गेलेल्या वेलींना कोवळी फूट आली होती. मोबाईलमधला पुढारी आपला देश लवकरच जगाला रस्ता दाखवणार असं सांगत होता, आणि आम्ही खड्डे चुकवत होतो.

"काका, तुम्हाला पटतं का हे?" संदीपने विचारलं.

"कोणतं?"

"हेच, जगाला रस्ता वगैरे."

"आधी हा रासेगावचा दाखवला तरी चालेल."

तो खदखदून हसला. असं बोलून मी नेहमीच टाळ्या घेतो. दुकानात चार गिऱ्हाईकं जमली की माझी जीभ सुटते. कांद्याला भाव आला की निर्यात बंद करणारे, टीव्हीवर रोज रात्री धर्म धोक्यात आणणारे आणि सकाळी त्याच धर्माच्या नावाने मत मागणारे, गरिबाच्या खात्यात पैसे टाकून त्याच्या शाळेचा मास्तर काढून घेणारे, सगळ्यांना मी सोलून काढतो. लोक म्हणतात, तात्या, तुम्ही खरं बोलता. मी मान डोलावतो.

घाटात जीप तापली. बॉनेट उघडून आम्ही सावलीला बसलो. एक बाई पळसाच्या पानांच्या द्रोणात करवंदं घेऊन उभी होती. संदीपने दोन द्रोण घेतले. तिने माझ्या उपरण्याकडे पाहिलं.

"मतांचं आलं वाटतं परत?"

"अजून नाय, मावशी."

"मग एवढ्या लवकर कशाला आले? अजून लय टाईम हाय ना इसरायला."

संदीपला हे इतकं आवडलं, की पेठ येईपर्यंत तो तेच म्हणत राहिला.

पेठमध्ये चहा घेतला आणि डांबरी सोडून खालच्या वाटेला लागलो. डोंगर उघडे, करपलेले. मध्येच एखादा आंबा डवरलेला. ओढ्यापाशी रस्ता संपतो. पाडा पलीकडे. उन्हाळ्यात ओढ्यात नुसते गोटे असतात, चालत जाता येतं. पावसाळ्यात मात्र पाड्याचा सगळ्याशी संबंध तुटतो. म्हणून दरवर्षी पावसाच्या आधी पाड्यातून घरटी एक माणूस येतो आणि सगळे मिळून ओढ्यावर साकव (लाकडाचा पूल) टाकतात. दोन मोठी खोडं, वर बांबूची बांधणी, धरायला वेल नाहीतर दोर. दिवाळीनंतर तो मोडतात, खोडं काठावर ओढून ठेवतात. कुणाला सांगावं लागत नाही, कुणाला मजुरी नाही.

इथे मला आणखी एक सांगायला हवं, कारण पुलाच्या थापेपेक्षा ते वाईट आहे. गेल्या वर्षी मी पूल मंजूर म्हणालो तेव्हा लोक नुसते बघत राहिले. त्यांना ते खरं वाटेना. तेव्हा मी म्हणालो, "यंदा तो लाकडी साकव टाकू नका. ठेकेदाराचं मशीन इथूनच उतरणार आहे, त्याला अडचण होईल." हे ऐकल्यावर त्यांना पटलं. मशीनला अडचण होणार म्हणजे पूल येणारच. बहिष्कार उठला. मतदान चांगलं झालं. भाऊंनी पाठ थोपटली.

यंदा गोटे ओलांडताना माझा पाय घसरला आणि मी ओढ्यात बसलो. पँट फाटली, गुडघा सोलवटला. पलीकडच्या काठावर खोडांवर एक जण बसला होता, तो काठी टेकत उतरला आणि त्याने मला हात दिला. किसन. गेल्या वर्षी सगळ्यांच्या वतीने हाच बोलला होता. तेव्हा त्याच्या हातात काठी नव्हती.

"या, पूलवाले. पडले का? आता तुमी पन आमच्यातलेच झाले."

"पायाला काय झालं, किसन?"

"हेच. पान्यात." त्याने ओढ्याकडे मान केली. "साकव नव्हता ना टाकला. रेशन घेऊन येऊ राहिलो व्हतो, कंबरभर पानी. पाय गोट्यात अडकला अन् वरून लोंढा आला. लोकांनी ओढून काढलं, पन नळीचं हाड गेलं."

तो हे असं बोलला, जसं कुणी गावातल्या दुसऱ्याबद्दल बोलतं.

घरी नेलं. त्याच्या बायकोने, सुमनने, पाणी दिलं. मग नागलीची (नाचणीची) भाकरी, खुरासणीची चटणी आणि उडदाचं वरण. मी नको नको म्हणत होतो. संदीपने तीन भाकऱ्या खाल्ल्या.

किसन दरवर्षी द्राक्षांच्या छाटणीला दिंडोरीकडे जायचा. त्याचा हात इतका चांगला, की बागायतदार जीप पाठवून घेऊन जायचे. छाटणी म्हणजे दिवसभर मांडवाखाली हात वर करून उभं राहणं. आता घटकाभरही उभं राहवत नाही. सुमन एकटी जाते, वेलींच्या बांधणीला.

"गेल्या खेपेला उपरनं येगळं व्हतं ना, तात्या?" किसनने विचारलं.

"धुतल्यावर रंग गेला."

"मंग दुसरा कसा काय चढला?"

सगळे हसले. मीही. तेवढ्यात त्याने ज्यासाठी मला घरी आणलं होतं ते काढलं.

"फाईल कुठं अडकली हो? आमी नाशिकला जाऊन आलो दोनदा. हापिसात म्हनत्यात, असा पूलच नाय. म्या म्हनलं, आमचे तात्या खोटं नाय बोलायचे, तुमी नीट हुडका."

मी भाकरीचा तुकडा वरणात बुडवला.

"आता मिरुग (मृग नक्षत्र) येईल," तो म्हणाला. "खोडं काढून ठेवली हायेत. अर्धे म्हनत्यात टाका, अर्धे म्हनत्यात थांबा, टाकलं अन् मशीन आलं तर पूल परत जाईल. तुमी सांगा. टाकायची का नाय?"

सुमन चुलीपाशी होती. तिथूनच, माझ्याकडे न बघता तिने विचारलं, "तात्या, तो मंजुरीचा कागद तुमी सोताच्या डोळ्यांनी पाह्यला व्हता का?"

संदीप चावायचा थांबला.

"पाहिला होता," मी म्हणालो.

तिने मान हलवली आणि परातीत पीठ घेतलं. तिला पटलं की नाही, ते मला कळलं नाही. मग मी किसनला म्हणालो, "लाकडं टाका. यंदा पूल होत नाही."

"यंदा नाय?"

"यंदा नाही."

'यंदा' हा शब्द माझ्या तोंडून आपोआप आला. इतक्या वर्षांच्या कार्यकर्तेपणाने जीभच तशी झाली आहे. तो शब्द नसता तर सगळं सांगून झालं असतं.

किसन उठला, अंगणात गेला आणि त्याने हाळी दिली. घराघरातून माणसं निघाली. आम्ही परत ओढ्यापाशी आलो तोवर सात-आठ जण पहिल्या खोडाला दोर बांधत होते. मी हात लावायला गेलो तर एक जण म्हणाला, "ऱ्हाऊ द्या, तुमच्या गुडघ्याला लागलंय." किसन बाजूला बसून, कुठे धरायचं, कुठे सोडायचं ते सांगत होता. खोड उचलायला त्याला आता कुणी बोलावत नव्हतं.

पेठला रेंज आली तसा भाऊंना फोन केला.

"कसंय वातावरण?"

"आपलंच आहे."

"नाराजी?"

"नाही. साकव टाकायला सांगितला त्यांना."

"येडा का रे तू? कुणी त्या लाकडांचे फोटो काढून फिरवले तर? पुढच्या वर्षी नक्की, असं सांगायचं. लाकडाचं बोलायचंच नाही."

परतताना संदीपने भाषण लावलं नाही. घाट उतरल्यावर त्याने विचारलं, "काका, तो कागद कसा होता हो? कोणाच्या सहीचा?" मी झोप आल्याचं सोंग केलं. त्याने पुन्हा विचारलं नाही, पण आरशातून माझ्याकडे बघणंही थांबवलं नाही.

दुकान दुसऱ्या दिवशी उघडलं. पेपरात दिल्लीतल्या कुणीतरी दिलेल्या आश्वासनाची बातमी होती. एक गिऱ्हाईक म्हणालं, "काय तात्या, किती खोटं बोलतात हे लोक!" मी नेहमीसारखं तोंड उघडलं, आणि झेरॉक्स किती काढायच्या तेवढंच विचारलं. दिल्लीतला माणूस आपली थाप कुठे जाऊन कुणाच्या पायावर पडते ते बघायला येत नाही. मी बघून आलो आहे, आणि बघून पुन्हा तीच मारून आलो आहे.

साकव टाकून झाल्याचं किसनने पेठला येऊन फोनवर कळवलं. वर म्हणाला, "पुढल्या साली तेवढं बघा."

पूल कधीच मंजूर नव्हता, कागद मी कधीच पाहिला नव्हता, आणि साकव टाकू नका हे माझ्या मनचं होतं. हे किसन आणि सुमनला, सगळ्या पाड्यासमोर उभं राहून सांगण्याचं देणं मी लागतो. अजून सांगितलेलं नाही.