युर्गनला शिकवलेलं ‘बस’

युर्गनला शहरात रुळवण्याची जबाबदारी कंपनीनं माझ्यावर टाकली, कारण मी बैठकीला हजर नव्हतो.

हा जर्मन इंजिनिअर बिडकीनच्या कारखान्यात आला होता. त्याला उस्मानपुऱ्यात घर मिळवून दिलं, गॅस मिळवून दिला, रस्ता ओलांडायला शिकवलं (त्याच्यापायी मी दोनदा मरता मरता वाचलो!). पण त्याला जेवताना नको म्हणता येईना. मी म्हणालो, “ताटावर हात धर आणि ठणकावून म्हण, बस!”

रविवारी त्याला फुलंब्रीला सासुरवाडीला नेलं. सासूबाई मटणाचा रस्सा घेऊन आल्या. युर्गननं हात आडवा केला आणि गरजला, “बस!”

पळी हवेतच थांबली.

“मला बस म्हनतो? एकेरीत? ह्या वयात?”

“अहो आई, पुरे म्हणतोय तो!”

“मंग पुरे म्हनायला काय झालं? कुनी शिकवलं ह्याला?”

बायकोनं माझ्याकडं बोट केलं. लगेच! एका क्षणाचाही विचार नाही!

मी घाईघाईनं युर्गनच्या कानात सांगितलं, “मोठ्यांना ‘बसा’ म्हणतात.” तो बिचारा उठला, हात जोडले आणि सासूबाईंना म्हणाला, “बसा!”

सासूबाईंच्या डोळ्यांत पाणी. “जल्म गेला चुलीपुढं. ह्या घरात मला कुनी बसा म्हनलं नाय. लेकरू परमुलखातून आलं अन् म्हनलं!” आणि त्या खरंच बसल्या. त्यानं मेहुणीला म्हटलं, बसा. तीही बसली. माझी बायको तर न सांगताच बसली!

“मंग आता वाढायचं कुनी?” मी विचारलं. (विचारायलाच नको होतं.)

“तुमी हायेत की!” सासूबाई म्हणाल्या.

मी! त्या घरचा जावई! पातेलं घेऊन पंगतीत वाकलो. भाकऱ्या आणल्या, कांदा चिरला, पाणी दिलं. युर्गनला वाढायला गेलो, तर त्याचं पोट भरलेलं. मला हात जोडून म्हणाला, “बसा!”

मी टेकणार एवढ्यात सासूबाई कडाडल्या, “तुमी नाय! रस्सा संपलाय हिकडं!”

आठवड्यानं त्यांचा फोन आला. “येत्या रविवारी अर्जुनला घेऊन या.” (युर्गनचा त्यांनी अर्जुन केला होता.)

“आणि आम्ही?” मी चिडूनच विचारलं.

“या की! भांडे कोन घासंल मंग?”

गेलो. चांगली घासतो म्हणतात!