निर्मनुष्य पठार

भूगोल खोटं बोलत नाही. इतिहासात पराभवाचा विजय करता येतो, अर्थशास्त्रात तर काहीही करता येतं, पण डोंगर जिथे असतो तिथेच असतो. हे वाक्य मी पनवेलच्या शाळेत दर जूनमध्ये नवव्या इयत्तेला पहिल्याच तासाला ऐकवत असे. मुलं ते वहीत उतरवून घेत. त्यांना वाटे, परीक्षेला येईल.

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला परदेशी भांडवलाला दारं उघडली, तेव्हा आमच्या भागातल्या कारखानदारांच्या मंडळाने ठरवलं की या परिसराची ओळख जगाला करून द्यायची. त्यासाठी पुस्तिका हवी होती. मंडळाचे चिटणीस, तळोज्याकडे रसायनांचा कारखाना असलेले गृहस्थ, एका संध्याकाळी माझ्याकडे आले.

"सर, भूगोल आणि अर्थकारण, दोन्ही येऊ द्या. बंदर, हायवे, पाणी, जमीन, मजूर. भाषा जरा भारदस्त ठेवा. इंग्रजी आम्ही करून घेतो."

मुखपृष्ठावर माझ्या नावामागे 'प्राध्यापक' छापू, असंही ते म्हणाले. मी हायस्कूलचा मास्तर. मी दुरुस्ती सुचवली नाही.

बरंचसं लिखाण घरी बसून झालं. बंदर न्हावा-शेव्याला होतंच. खाडीला मी 'नैसर्गिक जलमार्ग' केलं आणि कळंबोलीच्या लोखंड बाजारातला चिखल वगळला. जमीन मात्र प्रत्यक्ष पाहून लिहावी, असं चिटणीसांचं मत पडलं. फेब्रुवारीतल्या एका रविवारी त्यांच्या जीपने आम्ही शिरढोणच्या पलीकडे, डोंगराच्या अंगच्या एका माळावर गेलो. कडेला कातकऱ्यांची वाडी होती, पंधरा-वीस कुडाच्या झोपड्या. चिटपाखरू नव्हतं. चुली थंड होत्या.

"सोडून गेलेली दिसतात मंडळी," चिटणीस म्हणाले.

प्रत्येक दाराला काटेरी फांद्या आडव्या बांधल्या होत्या, काथ्याने, नीट गाठ मारून. सोडून दिलेल्या घराला कोणी काटे बांधत नाही. ते मला दिसलं. शिवाय मला माहीतही होतं. आमच्या दारावर सरपणाची मोळी घेऊन येणारी बाई याच वाडीची. पावसाळ्यात ती शेवळांची रानभाजी आणि खेकडे आणी, दिवाळी झाली की दिसेनाशी होई, आणि ज्येष्ठात परत येई. मधले महिने सगळी वाडी बायकापोरांसह वीटभट्टीवर असे. "मोळीवाली कुठे गेली हो?" असं बायकोने एकदा विचारलं, तेव्हा हे तिला मीच सांगितलं होतं. भूगोलात याला हंगामी स्थलांतर म्हणतात. तो धडा मी वर्षानुवर्षं शिकवत होतो. त्यात उदाहरण आल्प्समधल्या गुराख्यांचं होतं. त्यांच्या रिकाम्या घरांना मी कधी ओसाड म्हटलं नव्हतं.

जीपमध्ये बसता बसता मी म्हणालो, "दिसतं तसं."

घरी येऊन लिहिलं, 'हे विस्तीर्ण, निर्मनुष्य पठार जणू निसर्गानेच उद्योगांसाठी राखून ठेवले आहे.' नंतर 'जणू' खोडलं. वाक्य घट्ट झालं. सहा पानं पुढे 'परिसरात कष्टाळू मजूर मुबलक उपलब्ध' असंही मीच लिहिलं होतं. ते मजूर राहतात कुठे, हे कोणी विचारलं नाही. खरं तर दोन्ही पानांवर तीच माणसं होती.

प्रकाशन थाटात झालं. समई तीनदा विझली. दोन परदेशी पाहुण्यांना फेटे बांधले. त्यांतल्या एकाचा फेटा तिसऱ्या भाषणापर्यंत कानावर आला होता. मला शाल मिळाली आणि मी ती मे महिन्यात खांद्यावर घेऊन घरापर्यंत चालत आलो.

जूनमध्ये मोळीवाली दारात उभी राहिली, मोळीशिवाय.

"मास्तर, वाडीला तार मारलीय. आत जाऊ देत नाय."

"कोणी?"

"कंपनीवाल्यांनी. मालकानं जागा इकली म्हनतात. आमी बोललो, आमची घरं हायेत आत. तर बोलतात, हितं कोन ऱ्हातच नाय, पुस्तकात छापलंय." मग म्हणाली, "प्रांतसायबाकडं अर्ज केलाय आमी. तुमी शिकलेलं मानूस. येता काय संगती?"

कुठलं पुस्तक, हे मी तिला विचारलं नाही. येतो म्हणालो.

माझ्या एका शब्दाने ती तार लागली असं मानणं म्हणजे पुन्हा स्वतःला प्राध्यापक म्हणवून घेणं. वाडीखालची जमीन कागदोपत्री मालकाची होती, कातकऱ्यांची नव्हे, आणि विकली मालकाने. माझा शब्द फक्त कागदांना टाचला होता. पण टाचणी मजबूत होती.

प्रांत कचेरीत साहेबांच्या टेबलावर पुस्तिका उघडीच होती. साहेब तरुण होते, आवाज न चढवता बोलत.

"'निर्मनुष्य' हा शब्द आपला?"

"माझा. पण तो चुकीचा आहे. लोक वीटभट्टीवर गेले होते. दर वर्षी जातात."

"लिहिताना हे आपल्याला ठाऊक होतं?"

कंपनीचे वकील गालात हसले. "साहेब, प्राध्यापक लोक. विसरले असतील."

'ठाऊक होतं' एवढे दोनच शब्द बोलायचे होते. मी म्हणालो, "तेव्हा लक्षात आलं नाही."

बाई दाराशी उभी होती. पुस्तक कोणाचं, हे तिला तेव्हा कळलं. ती पुढे आली. आता ही मला चार शब्द सुनावणार, असं वाटलं, आणि सुनावले असते तर बरं झालं असतं.

"सायब, मास्तरांना काय बोलू नका," ती म्हणाली. "त्यांची काय चूक? ते आलं तवा वाडीवर कोनीच नवतं. खरं तेच लिवलंय त्यांनी."

इतका वेळ दात कोरत बसलेल्या कारकुनाने तेवढं मात्र शब्दशः लिहून घेतलं आणि तिचा अंगठा घेतला. साहेबांनी लेखणी हातात धरून माझ्याकडे पाहिलं. माझी बाजू इतक्या जोराने आजवर कोणी घेतली नव्हती. ती खोडून काढायला मी उठलो नाही. मी पंख्याकडे पाहत होतो. पंखा बंद होता.

अर्ज फेटाळला गेला. वाडी ओढ्यापलीकडे, उतारावर गेली, जिथे पावसाचं पाणी एका दाराने घरात शिरतं आणि दुसरं दार नसल्यामुळे तिथेच राहतं. मी चिटणीसांना पत्र लिहिलं की दुसऱ्या आवृत्तीत दुरुस्ती व्हावी. त्यांचा निरोप आला की पहिलीच संपत नाही. उरलेल्या प्रती शाळेला बक्षिसासाठी पाठवतो. त्या आल्या. आमच्या शाळेत भूगोलात पहिला येणाऱ्याला काही वर्षं तीच पुस्तिका मिळत असे, आणि ती माझ्याच हस्ते दिली जाई.

बाई नंतरही पावसाळ्यात येत राहिली. बायकोशी चार गोष्टी बोले, मग आत डोकावून विचारी, "मास्तर, बरं हाय ना?" मी वर्तमानपत्र पूर्ण उघडून धरत असे.

परदेशी पाहुणे परत आले नाहीत. कारखाना उभा राहिला नाही. मोकळ्या जागेत कोणी येऊन राहू नये म्हणून कंपनीने एक पगारी राखणदार नेमला आणि त्याने तिथून हलू नये म्हणून कुंपणाच्या आत त्याला पत्र्याची खोली बांधून दिली. राखणदार त्या बाईचा जावई होता.