पुस्तकात बोकड मरत नाही

लग्नाचं जेवण, दुसऱ्याची सून आणि शेजाऱ्याच्या घराचा रंग, या तीन विषयांवर मत द्यायला आमच्या घराण्यात कुणाला आमंत्रण लागत नाही. गेल्या दिवाळीच्या सुट्टीत त्यात चौथ्याची भर पडली: मुलांच्या पुस्तकांवरून काढलेला एक जादूचा सिनेमा. ती पुस्तकं आमच्यापैकी दोघांनाच ठाऊक होती. मी वाचली होती आणि माझ्या अकरा वर्षांच्या मुलीने माझ्या तोंडून ऐकली होती. बाकीच्यांचा त्यांच्याशी काडीचा संबंध नव्हता, म्हणून त्यांची मतं जास्त ठाम होती.

तोंडून ऐकली, कारण ती पुस्तकं इंग्रजी आणि मुलगी तेव्हा पाच वर्षांची. मी ज्युनियर कॉलेजात इंग्रजी शिकवतो, तेव्हा हे काम माझ्याच गळ्यात पडलं. रोज संध्याकाळी मी पान बघायचो आणि मराठीत सांगायचो. तीन भावंडं विहिरीतून एका वेगळ्याच मुलखात उतरतात आणि तिथे एक म्हातारा लंगडा बोकड शिंगाला कंदील अडकवून त्यांना वाट दाखवतो, अशी ती गोष्ट. मूळ पुस्तकात हा बोकड निवृत्त न्यायाधीशासारखं बोलतो. ते मराठीत ऐकून मुलगी जांभया द्यायला लागली, म्हणून मी त्याला माझ्या आईची भाषा दिली. आई गोदाकाठच्या सायखेड्याची. ती शेजारीच लसूण सोलत बसलेली असायची आणि मधूनच मला दुरुस्त करायची, की बोकड असं नाय म्हणणार. हळूहळू बोकड इतका सायखेड्याचा झाला की लेखकाला तो ओळखू आला नसता.

तिसऱ्या भागापर्यंत आम्ही पोचलो त्या पावसाळ्यात आई गेली. महिनाभराने मुलीने पुस्तक आणून माझ्या मांडीवर ठेवलं. खुणेचं पान उघडलं, तर पुढच्याच पानावर बोकड मरत होता. मी ते पान बघितलं आणि सांगितलं, की बोकड थकला होता, म्हणून तो नदीकाठी आपल्या गावी राहायला गेला. मुलीने विचारलं, तिथे त्याला जेवायला कोण देतं? मी म्हणालो, भाची आहे त्याची.

एका थापेला दुसरी लागतेच. चौथ्या भागात ती भावंडं बोकडाच्या समाधीवर फुलं वाहतात. माझ्या आवृत्तीत ती त्याला भेटायला गेली आणि त्याने त्यांना बाजरीची भाकरी आणि ठेचा खाऊ घातला. पाचव्या भागात मी त्याची पत्रंसुद्धा आणली. विद्यार्थ्यांनी उताऱ्यात पदरचं एक वाक्य घातलं तर मी गुण कापतो, हेही इथे सांगून ठेवतो.

सिनेमाची जाहिरात आली तेव्हा बायको म्हणाली, आता तरी तिला खरं सांग. मी म्हणालो, पहिल्याच भागावर काढला असेल, तिसऱ्यापर्यंत कोण जातंय. पण सिनेमावाल्यांनी तीन भाग एकाच कुकरला लावले होते.

आम्ही पाच जण गेलो. आम्ही तिघं, माझी ताई आणि दिंडोरीला द्राक्षाची बाग असलेले दाजी. हिंदीत डब केलेला खेळ होता. बोकड खर्जात, एखाद्या सेनापतीसारखा बोलत होता. तो पहिल्यांदा तोंड उघडून बोलला तेव्हाच मुलीने कपाळाला आठ्या घातल्या. आणि मध्यंतरानंतर तो मेला. बर्फात, भरपूर संगीताच्या साथीने मेला. मुलीने अंधारात माझ्याकडे वळून म्हटलं, "बाबा, चुकलं ना त्यांचं?"

खरं सांगायची एवढी सोयीची वेळ पुन्हा मिळणार नव्हती. मी मान डोलावली. पलीकडून बायकोने माझ्याकडे असं बघितलं, की पडद्यावर काय चाललंय ते मला पुढची पाच मिनिटं कळलं नाही.

दुपारी ताईकडे जेवण होतं. रविवार म्हणून मटण होतं, आणि एका बोकडाच्या मरणावरची चर्चा दुसऱ्याच्या रश्श्यात भाकरी चुरत सुरू झाली. ताईचं मत पडलं, की सिनेमा छान होता पण त्या मुलांची आई फारच निष्काळजी, पोरं विहिरीत उतरतात आणि हिला पत्ता नाही. दाजींनी अख्ख्या सिनेमात फक्त जादूचा द्राक्षमळा बघितला होता. ना एप्रिलची खरड छाटणी, ना ऑक्टोबरची गोडी छाटणी, आणि बर्फात घड लगडलेले, हे त्यांना बोलणाऱ्या बोकडापेक्षा जास्त अशक्य वाटलं. मीही साहित्यिक रूपांतर या विषयावर चार वाक्यं बोललो. त्या घरात त्या दिवशी तोंड बंद ठेवायला हवं होतं असा एकच माणूस होता, आणि तो मी.

मुलगी वरणभात खात होती. मटणाच्या भांड्याकडे तिने पाहिलंही नाही. ती म्हणाली, "पुस्तकात बोकड मरत नाही. तो गावी जातो. बाबांना विचारा." सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी अजून एक भाकरी मागितली.

घरी येऊन तिने आपल्या आईच्या फोनवरून आमच्या इमारतीच्या ग्रुपवर मत टाकलं: पाचपैकी एक तारा, पुस्तकात बोकड मरत नाही, दिग्दर्शकाने पुस्तक वाचलेलं नाही. एरवी पाण्याच्या टँकरखेरीज कशावर एकमत न होणाऱ्या त्या ग्रुपने टाळ्या वाजवल्या. चेअरमन म्हणाले, हल्लीचे सिनेमे असेच. मग दुसऱ्या मजल्यावरच्या एका वहिनींनी, हात जोडल्याचं चित्र टाकून, तिसऱ्या भागातल्या त्या पानाचा फोटो पाठवला. माणसं हात जोडून काय काय करतात.

मुलीने फोटो मोठा करून करून वाचला. मग कपाटातून आमचं पुस्तक काढलं, पान ताडून पाहिलं आणि माझ्यासमोर उभी राहिली. मला भीती वाटली. सांगायला लाज वाटत नाही, चांगलीच भीती वाटली. पाच वर्षं तिने माझ्या शब्दावर विसंबून एक अख्खा मुलूख उभा केला होता, आणि यापुढे मी काहीही सांगितलं तरी ती आधी पुस्तक उघडून बघणार होती.

"खोटं का सांगितलंस?" तिने विचारलं.

"तो आजीसारखा बोलायचा," मी म्हणालो. "ती नुकतीच गेली होती. मला वाचता आलं नाही."

ती म्हणाली, "मी सगळ्यांसमोर तोंडावर पडले." आणि दार लावून घेतलं.

दोन दिवस ती माझ्याशी बोलली नाही. शब्दकोश तिच्या खोलीत गेला तो बाहेर आला नाही. तिसऱ्या दिवशी दिवेलागणीला तिने मला हाक मारली, समोर बसवलं आणि पुस्तक उघडलं. माझ्यासारखीच पान बघून ती मराठीत सांगायला लागली. अडखळत, पण काही न गाळता. बर्फ आला, कंदील विझत आला. मग बोकड बोलला.

"व्हा तुम्ही पुढं. माझं पाय नाय चालत आता. मी बसलोय हितं, माझी काळजी नका करू. वाट सरळच हाय."

आजी गेली तेव्हा ही सहा वर्षांची होती. तो आवाज तिला आठवत असेल असं मला कधी वाटलंच नव्हतं. लेखकाने ते वाक्य कसं लिहिलंय हे मला पाठ होतं, पण त्या क्षणी आठवेना. मी रडलो. तिने पान संपेपर्यंत वाचन थांबवलं नाही.

जेवणानंतर तिने ग्रुपवरचं आपलं मत सुधारलं. आता दोन तारे होते, आणि खाली लिहिलं होतं: पुस्तकात बोकड मरतो, माझी चूक झाली. पण तो सिनेमातल्यासारखा बोलत नाही. त्याचे तीन कापले आहेत.