पखवाज आणि बटणाचा ठेका

मस्कतहून मामाने आणलेला कीबोर्ड खरं तर माझ्या भावासाठी होता. त्याला दोन दिवसांत कंटाळा आला आणि तो माझा झाला. एक बटण दाबलं की आतून ड्रम सुरू व्हायचे, दुसरं दाबलं की लांबलचक गुंगुं सूर. नाहूरच्या आमच्या दोन खोल्यांत तो घुमला की आई विचारायची, "मिक्सर बिघडला का गं?"

मी अकरावीत होते. कॉलेजातल्या दोन मुली नि दोन मुलगे, असा आमचा ग्रुप. विलायती कॅसेटी झिजेपर्यंत ऐकून आम्ही गॅदरिंगसाठी स्वतःचं गाणं बांधलं. 'घरी सांगू नका, मी उडायला शिकते', अशी त्यातली ओळ. तेव्हा ती आम्हाला भयंकर धाडसी वाटायची.

बाबा मालवणकडचे. गिरणीतली नोकरी सुटल्यावर भांडुपच्या कारखान्यात लागलेले, शनिवारी भजनात पखवाज वाजवणारे. त्यांना कळलं तेव्हा जेवताना म्हणाले, "पोरांवांगडा स्टेजवर गातलंस? काय गरज नाय."

"मुलांबरोबरच गाणार, बाबा."

त्यांना असं सरळ उत्तर घरात कुणी दिलं नव्हतं. पण आतून काय झकास वाटलं म्हणून सांगू! बाबा हात धुऊन बाहेर निघून गेले. आई एवढंच म्हणाली, "कीबोर्ड नेताना टॉवेलात गुंडाळ. धूळ बसते."

गॅदरिंगला शिट्ट्यांनी हॉल दणाणला. तिसऱ्या कडव्याला माझं लक्ष दाराकडे गेलं. कारखान्याच्या कपड्यांतच बाबा उभे!

घरी आल्यावर ते म्हणाले, "तिसऱ्या कडव्यात ठेक्याच्या पुढे पळालंस. मशीन बरोबर होता."

"तुम्हाला बघून घाबरले."

ते हसले. भिंतीजवळचा पखवाज मांडीवर ओढला. "लाव बघू ता मशीन."

मी बटण दाबलं. थोडा वेळ त्यांनी नुसतं ऐकलं, मग एकदम घुसले. बोटं अशी धावायला लागली की मला सूर सुचेनात. त्यांनी एकच तुकडा तीनदा वाजवत झोकात तिहाई घेतली, समेवर शेवटची थाप मारली, मान वर केली. मशीन आपलं ढुक-चिक ढुक-चिक चालूच.

"ह्येका थांबाक येना नाय!" बाबा ओरडले. आई पदर तोंडाला लावून हसत बसली. शेजारच्या काकू दारात येऊन म्हणाल्या, "कसला कार्यक्रम?"

"आमचा," बाबा म्हणाले, आणि मला म्हणाले, "आवाज वाढव गो जरा."