चंद्रावरच्या गाडीला बसलेली लाथ

तीर्थपुरीत गणपत मिस्त्रींकडे काहीही दुरुस्तीला न्या, ते आधी त्या वस्तूला लाथ घालायचे. बैलगाडीचं चाक असो, तिफण असो, की मारवाडी शेटजींच्या दुकानातला वजनकाटा. कुठे काय खिळखिळं झालंय ते आवाजावरून कळतं, असं त्यांचं म्हणणं. दसऱ्याला ज्या अवजाराची पूजा करायची त्यालाच हा माणूस पाय लावतो, म्हणून लोक चिडत. "पूजा तू कर. मोडलं की माझ्याकडंच आणशील," मिस्त्री म्हणायचे. सरपंचालाही अरे-तुरे, गड्यालाही.

मला हा माणूस मुळीच आवडायचा नाही. मी तिथल्या शाळेत विज्ञान शिकवायचो. आमच्या घरातला पहिला पदवीधर, पण नोकरी तात्पुरती. वडील वडीगोद्रीला दुसऱ्यांच्या शेतात राबत होते. मला त्यांना घरी बसवायचं होतं. तपासणीला येणाऱ्या साहेबांना काम पसंत पडलं तरच नोकरी कायम होईल, असं हेडमास्तरांनी बजावलं होतं.

त्याच सुमारास रशियाने चंद्रावर बिनमाणसाची गाडी उतरवली. आठ चाकांची, आणि हाकायची ती इथून, पृथ्वीवरून. पेपरातलं चित्र बघून मी फळ्या आणि डब्यांची झाकणं जमवली, आठवडाभर खपून तशी गाडी केली. चाकं डगमगत होती म्हणून मिस्त्रींकडे नेली. त्यांनी लाथ घातली. चार चाकं गडगडत रस्त्यावर गेली.

"तुम्हाला अक्कल आहे का?" मी ओरडलो.

"मला हाय, तुला न्हाई. आठी चाकं एका फळीला ठोकून राह्यला. एक दगडावर चढलं की बाकीचे बिलकुल अधांतरी. आपल्या गाडीला बैल असतेत, अडली तर गाडीवान उतरून चाकाला हात देतो. तिथं तुझा कोन बाप बसलाय हात द्यायला?"

बाप काढल्यावर माझं डोकं फिरलं. तुमच्या मयतीलाही येणार नाही, असं तोंडावर सांगून मी तुकडे गोळा केले. घरी आल्यावर कळलं, की म्हातारा बरोबर बोलला होता. चंद्रावरची म्हणून मी आठ चाकांची बैलगाडीच केली होती. मग रागारागात प्रत्येक चाक वेगळ्या पट्टीवर, सायकलच्या सीटच्या जुन्या स्प्रिंगा लावून बसवलं.

तपासणीच्या दिवशी साहेबांनी मुद्दाम वाटेत वीट ठेवली. मी दोरी ओढली. गाडी विटेवर चढली, चाकं एकेक करून खालीवर झाली आणि ती सरळ पलीकडे उतरली. साहेब खूश झाले. "ही चाकं सुटी ठेवायची अक्कल कुणाची?"

शाळेच्या दारात चार गावकरी बघत उभे होते. त्यांत मिस्त्रीही होते. दुकान उघडं टाकून आले होते. मला ते स्पष्ट दिसत होते.

"माझीच, साहेब."

मिस्त्री वळले आणि गेले.

नोकरी कायम झाली, वडील घरी बसले. महिनाभराने माझ्या बादलीची कडी निखळली. मी भांडायच्या तयारीनेच गेलो. मिस्त्रींनी बादली दोन्ही हातांनी उचलली, पोत्यावर अलगद ठेवली, कडी बसवली. "घ्या, मास्तर."

गावात मला वेगळं वागवणारे पुष्कळ होते. हॉटेलात माझी कपबशी निराळी असायची. मिस्त्रींच्या लाथेत तसला भेद नव्हता; शेटजींच्या काट्याला बसायची तीच माझ्या गाडीला बसली होती. पण माफी मागायला माझी जीभ रेटेना. त्यांचाही राग जाईना. अशी पाच वर्षं गेली.

बदली झाली त्या दिवशी ट्रंकेचा कडीकोयंडा तुटला. ट्रंक त्यांच्यापुढे ठेवून मी म्हणालो, "मिस्त्री, आधी एक लाथ घाला."

त्यांनी वरही पाहिलं नाही. "तुमची चीज हाय, मास्तर. आमी कसा पाय लावावा?"

आणि कडीकोयंडा अगदी हलक्या हाताने बसवून दिला.